पटॅप्स्को व्हॅली स्टेट पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेरीलँडमध्ये घर असलं की मे ते ऑक्टोबर पाहुण्यांचा मोसम असतो. कुणाचे आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतात, कुणाची बहीण न्यू जर्सीहून दोन दिवसांसाठी येते. व्हाइट हाऊस बघून झालं, बाल्टिमोरचं मत्स्यालय बघून झालं, आता कुठे? मी दर वेळी पटॅप्स्कोचं नाव घेते आणि मग तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकदाचे लिहून ठेवले आहेत.

हे पार्क नक्की कुठे आहे? केवढं आहे?

बाल्टिमोर शहराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, पटॅप्स्को नदीच्या दोन्ही काठांनी. नदीच्या ३२ मैल (सुमारे ५१ किलोमीटर) लांबीला धरून १६,००० एकरांवर ते पसरलं आहे. एक फाटक, एक तिकीटखिडकी अशी त्याची रचना नाही. अ‍ॅव्हलॉन, ऑरेंज ग्रोव्ह, हिल्टन, हॉलोफील्ड, मॅककेल्डिन, डॅनियल्स असे वेगवेगळे भाग आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला बऱ्याचदा गाडीच काढावी लागते. "पार्कमध्ये भेटू" एवढंच ठरवलंत तर चुकामूक होणार हे नक्की. भागाचं नाव सांगा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अ‍ॅव्हलॉन धरावं. बीडब्ल्यूआय विमानतळापासून ते अगदी जवळ आहे.

स्टेट पार्क म्हणजे अभयारण्य की बाग?

दोन्ही नाही. राज्य सरकारने राखलेलं रान, त्यात पायवाटा, सहलीसाठी छपरं आणि बाकं. १९०७ मध्ये हे राखीव वन म्हणून सुरू झालं. जॉन ग्लेन नावाच्या जमीनदाराने कॅटन्सव्हिलजवळची ४३ एकर जमीन राज्याला दिली, तिथून. मेरीलँडचं हे पहिलं स्टेट पार्क. त्या वेळी हेतू साधा होता: उघडे पडलेले डोंगरउतार पुन्हा झाडांनी झाकायचे. आज तुम्हाला दिसतं ते गर्द रान बरंचसं त्यानंतरचं आहे. त्याआधी इथे धूर होता, पीठ होतं, लोखंड होतं.

इतक्या झाडीत कारखाने कुठून आले?

झाडी कारखान्यांच्या जागेवर आली, असं म्हणा. इथे डोंगराळ खडकाळ पट्टा संपतो आणि समुद्राकाठची सपाटी सुरू होते. त्या सीमेवर नदी थोडक्या अंतरात बरीच खाली उतरते. जिथे पाणी उतरतं तिथे चाक फिरतं. वाफेचं इंजिन येण्याआधी कारखाना काढणाऱ्याला याहून जास्त काही नको होतं. वर एक बंधारा घालायचा, काठाने पाट काढायचा, पाटाचं पाणी चाकावर सोडायचं आणि पुन्हा नदीत. इमारती गेल्या तरी पाटाचा चर राहतो. पायवाटेच्या कडेला नदीला समांतर जाणारा, पाचोळ्याने भरलेला, एकसारख्या रुंदीचा खोलगट पट्टा दिसला तर थांबा. ओढा इतका सरळ जात नाही. तो माणसाने खणलेला असतो.

खाली बाल्टिमोरचं बंदर असल्यामुळे माल जहाजावर चढवायचीही सोय होती. त्यामुळे या खोऱ्यात एकामागोमाग एक लोखंडाच्या भट्ट्या, खिळ्यांचे कारखाने, पिठाच्या आणि कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या.

यातलं सगळ्यात जुनं काय?

एल्करिजचं बंदर. आज तिथे उभं राहून समोरच्या पाण्याकडे बघितलं तर हे बंदर होतं यावर विश्वास बसत नाही. वसाहतीच्या काळात इथून तंबाखू इंग्लंडला जायची. तंबाखूचे मोठाले पिंप आडवे करून, बैल-घोडे जुंपून, रस्त्याने लोळवत बंदरावर आणत. कॅटन्सव्हिलमधल्या एका मोठ्या रस्त्याला अजूनही रोलिंग रोड म्हणतात, ते यावरून. रोज त्यावरून ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

तंबाखूची शेती आणि लोहखनिजासाठी केलेलं खोदकाम यांनी डोंगर उघडे पडले, माती नदीत आली, पात्र गाळाने भरलं आणि मोठी जहाजं यायची बंद झाली. ज्या मालासाठी बंदर होतं त्यानेच बंदर बुजवलं.

अ‍ॅव्हलॉनला अठराव्या शतकात डॉर्सी घराण्याची लोहारभट्टी होती. पुढे तिथे खिळ्यांचा कारखाना आणि कामगारांचं गाव वसलं. १८६८ च्या पुराने ते सगळं नेलं. आता एक दगडी घर तेवढं शिल्लक आहे, तेच पार्कचं माहिती केंद्र. एक गोष्ट सांगायलाच हवी. इथल्या लोखंडाच्या धंद्यात गुलामांचे आणि इंग्लंडहून शिक्षा म्हणून धाडलेल्या कैद्यांचे हात राबले आहेत. अवशेष बघताना "काय सुंदर दगडी काम" एवढंच म्हणून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

एलिकॉट सिटीतले एलिकॉट कोण?

जॉन, अँड्र्यू आणि जोसेफ हे तीन भाऊ. पेनसिल्व्हेनियाहून आलेले, क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचे. १७७२ मध्ये त्यांनी इथे पिठाची गिरणी घातली. गिरणी घालणं सोपं, पण आसपास सगळे तंबाखू लावणारे, मग दळायचं काय? तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना गव्हाकडे वळवलं आणि तंबाखूने दमलेल्या जमिनीसाठी जिप्समची भुकटी खत म्हणून वापरायला लावली. गिरणीतही ते पुढे होते. ऑलिव्हर इव्हान्स या कारागिराने पट्ट्याला लावलेल्या छोट्या बादल्यांनी धान्य आपोआप वर चढवायची युक्ती काढली होती. पाठीवर पोती घेऊन जिने चढणारा माणूस तिने वाचला. ती लवकर उचलणाऱ्यांत एलिकॉट होते.

गावाचं नाव आधी एलिकॉट्स मिल्स होतं, १८६७ मध्ये एलिकॉट सिटी झालं. आता तिथे आणि शेजारच्या कोलंबियात इतकी मराठी कुटुंबं आहेत की गणपतीत उकडीच्या मोदकांची ऑर्डर आधी नोंदवावी लागते.

बेंजामिन बॅनेकरचा इथे काय संबंध?

नदीच्या पलीकडे ओएला म्हणून वस्ती आहे, तिथे त्याचं शेत होतं. १७३१ चा जन्म. स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी, बरंचसं स्वतः शिकलेला. तरुणपणी त्याने लाकडी चाकं कोरून चालणारं घड्याळ केलं. एलिकॉट कुटुंबाने त्याला खगोलाची पुस्तकं आणि उपकरणं वापरायला दिली आणि तो गणित करून पंचांगं काढू लागला. १७९२ पासून ती छापून विकली गेली. १७९१ मध्ये वॉशिंग्टन शहराची हद्द आखणाऱ्या तुकडीत तो होता, आणि त्याच वर्षी त्याने थॉमस जेफर्सनला पत्र लिहून विचारलं की सगळी माणसं समान म्हणता आणि गुलाम कसे ठेवता? १८०६ मध्ये तो गेला आणि अंत्यसंस्काराच्या दिवशीच त्याचं घर जळालं. त्याच्या शेताच्या जागेवर आता संग्रहालय आहे. पार्कपासून काही मिनिटांवर. मुलांना घेऊन जा.

अमेरिकेतली पहिली रेल्वे इथूनच धावली का?

बाल्टिमोर अँड ओहायो, म्हणजे 'बी अँड ओ', ही प्रवासी आणि माल दोन्ही नेणारी देशातली पहिली मोठी रेल्वे कंपनी. ४ जुलै १८२८ ला तिचा पहिला दगड बसवला आणि मे १८३० मध्ये बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स हा १३ मैलांचा मार्ग सुरू झाला. डबे सुरुवातीला घोडे ओढत. वाटेत घोडे बदलायची जागा म्हणून एका गावाचं नाव रिले पडलं, ते आजही आहे.

त्याच उन्हाळ्यात पीटर कूपरने 'टॉम थंब' नावाचं छोटं इंजिन याच मार्गावर चालवून दाखवलं. बाष्पकाच्या नळ्यांसाठी त्याने बंदुकीच्या नळ्या वापरल्या होत्या. घोड्याशी त्याची शर्यत लागली, इंजिन पुढे होतं, पण पंख्याचा पट्टा निसटला, वाफ पडली आणि घोडा जिंकला, अशी गोष्ट सांगतात. घोडा जिंकला तरी कंपनीने निर्णय इंजिनाचाच घेतला. एलिकॉट सिटीचं दगडी स्टेशन अमेरिकेतलं सगळ्यात जुनं टिकलेलं रेल्वे स्टेशन आहे. आता तिथे संग्रहालय आहे.

बाबा लोक इथे हटकून म्हणतात, "आमची बोरीबंदर-ठाणे १८५३ ची." बरोबर, १६ एप्रिल १८५३. ही तिच्याआधी तेवीस वर्षं. मेरीलँडचा आणि महाराष्ट्राचा यापलीकडे इथे संबंध जोडू नये, पण ठाण्याचा माणूस रुळांपाशी जास्त वेळ रेंगाळतो हे मी पाहिलं आहे.

थॉमस पुलाचं एवढं कौतुक का?

कारण एल्करिजजवळचा हा रेल्वेचा पूल वळतो. दगडी कमानींचे सरळ पूल तोवर पुष्कळ झाले होते. इथे मात्र रुळांना नदीवरच वळण घ्यायचं होतं. कमानी सारख्या हव्यात आणि पूल वळणदार हवा, तर काय करायचं? बेंजामिन लॅट्रोब (वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर काम केलेल्या वास्तुविशारद लॅट्रोबचा मुलगा) याने ते वळण खांबांत जिरवलं. प्रत्येक खांब पाचरीच्या आकाराचा, वळणाच्या आतल्या बाजूला अरुंद, बाहेरच्या बाजूला रुंद. सणात वाढायला कापलेली कलिंगडाची फोड आठवा, टोकाकडे निमुळती. अशा फोडी कमानींच्या मधे उभ्या केल्या की पूल आपोआप वळतो आणि कमानी एकसारख्या राहतात. खाली उभं राहून दोन्ही बाजूंनी एकाच खांबाची रुंदी बघा, फरक डोळ्यांना कळतो.

आठ कमानी, ६१२ फूट लांबी, नदीपासून उंची साठ फुटांच्या आसपास, दगड इथलाच ग्रॅनाइट. १८३३ ते १८३५ अशी दोन वर्षं लागली आणि सुमारे १,४२,००० डॉलर. इतका जड पूल स्वतःच्याच वजनाने कोसळणार म्हणून लोकांनी त्याला 'लॅट्रोबचा वेडेपणा' नाव ठेवलं होतं. कंत्राटदार जॉन मॅककार्टनीला मात्र आपल्या कामाचा इतका अभिमान की त्याने पुलाच्या एका टोकाला दगडी स्तंभ उभारून त्यावर स्वतःचंही नाव कोरून घेतलं. कंत्राटदाराने आपणहून कामावर नाव घालावं आणि ते काम १९० वर्षं टिकावं, हे वाचून आमच्या पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी हसतंच.

पूल बांधला तेव्हाची इंजिनं सहा-सात टनांची. आज त्यावरून सीएसएक्स कंपनीच्या लांबलचक मालगाड्या जातात. यादवी युद्धात वॉशिंग्टनला उत्तरेकडून जाणारा लोहमार्ग हाच, म्हणून १८६१ मध्ये इथे पहारा बसवला होता. पुराचं पाणी कितीही आलं तरी पूल जागचा हलला नाही.

त्या पुलावरून जाता येतं का?

चालत नाही. रूळ चालू आहेत आणि जागा रेल्वे कंपनीची आहे. फोटोसाठी कुणी वर चढू नये. पण आगगाडीतून जाता येतं. बाल्टिमोर-वॉशिंग्टन दरम्यान कामाच्या दिवशी धावणारी कॅम्डेन लाइनची लोकल याच पुलावरून जाते. खालून बघायचं तर एल्करिजला लेव्हरिंग अ‍ॅव्हेन्यू थेट कमानीखालून जातो.

ऑरेंज ग्रोव्हला काय आहे?

नावात संत्री आहेत, खोऱ्यात नाहीत. १८५६ मध्ये इथे पिठाची गिरणी झाली. पुढे ती गॅम्ब्रिल कंपनीकडे होती आणि भरात असताना दिवसाला १,५०० पिंपं पीठ काढायची. गिरणी एका काठाला, कामगारांची घरं दुसऱ्या काठाला, मधे झुलता पूल. रोज सकाळी डबा घेऊन माणसं त्या हलत्या पुलावरून कामाला जात. १९०५ मध्ये गिरणी जळाली आणि गाव उठलं.

आजचा झुलता पूल मूळचा नाही, पुरांनंतर नव्याने बांधलेला आहे. पण झुलतो तसाच. मधोमध गेल्यावर मागून एखादं पोर उड्या मारायला लागलं की आजीबाई कठडा घट्ट धरतात आणि नातवाचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट घेतलं जातं. पुलाच्या अलीकडे पायवाटेलगत गिरणीच्या दगडी भिंती दिसतात, आणि त्यांच्यामागे थोड्या उंचावर १८३० चा तोच लोहमार्ग. गाडी आली तर बोलणं थांबवावं लागतं.

पाण्याखालचं वीजघर ही काय भानगड?

हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण, आणि बघायला तिथे जवळजवळ काही उरलेलं नाही. व्हिक्टर ब्लोडे या रसायनतज्ज्ञाने १९०६-०७ मध्ये इथे काँक्रीटचं धरण बांधलं, पण ते भरीव नव्हतं. आतून पोकळ, आणि त्या पोकळीत टर्बाइन, जनित्रं, कामगारांची वावरायची जागा. पाणी माथ्यावरून ओसंडून खाली पडायचं आणि आतल्या माणसाला भिंतीतल्या खिडक्यांतून त्या पडत्या पाण्याचा पडदा मागच्या बाजूने दिसायचा. अशा तऱ्हेचं हे पहिलं ज्ञात वीजघर मानतात. गाळाने त्याला दमवलं (पुन्हा गाळच) आणि १९२४ मध्ये वीज बंद झाली. धरण मात्र नंतर नव्वदेक वर्षं नुसतंच उभं होतं.

मग ते फोडलं का? जपून ठेवता आलं नसतं?

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरुंग लावून ते फोडलं. दोन कारणं. एक, त्याच्या पायथ्याशी पाणी गोल फिरायचं आणि पोहायला उतरलेली माणसं त्यात अडकून बुडायची. अनेक जीव गेले होते. दुसरं, मासे. शॅड आणि हेरिंग समुद्रातून नदीत चढून अंडी घालतात. शॅड हा आपल्या पाल्याचा, म्हणजे हिलसाचा, जवळचा भाऊबंद, म्हणजे कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. वामीचं उलट: ती अंडी घालायला समुद्रात जाते आणि पिल्लं नदीत येतात. मधे धरण, दोन्ही वाटा बंद. १९९० च्या दशकात माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग करून पाहिला होता, तो पुरेसा चालला नाही. युनियन आणि सिमकिन्स हे वरचे दोन बंधारे आधीच काढले होते. आता वामीची पिल्लं हजारोंनी वर डॅनियल्सच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतात. तो बंधारा अजून उभा आहे.

वारसा म्हणून धरण ठेवायला हवं होतं असं म्हणणारेही आहेत. मला त्यांचं दुःख कळतं, पण मी माशांच्या बाजूने आहे.

इतके पूर येतात, तर जाणं सुरक्षित आहे का?

एरवी नदी गुडघाभर, खडकांतून खळखळणारी. पण खोरं अरुंद आहे, पाणी चढलं की पसरायला जागा नाही. २४ जुलै १८६८ च्या पुरात चाळीसच्या आसपास माणसं गेली आणि गिरण्या, पूल, घरं वाहून गेली. इल्चेस्टरच्या पॅटरसन पुलाची एकच कमान उरली. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने पुन्हा तेच केलं. एलिकॉट सिटीत २०१६ आणि २०१८ मध्ये आलेले पूर मात्र नदीचे नव्हते. वरच्या उतारांवरून येणारे ओढे थेट मुख्य रस्त्यात घुसले होते. त्या रस्त्याच्या खालच्या टोकाला, रेल्वे पुलाजवळ, पुरांच्या पातळ्या वर्षांसह दाखवलेल्या आहेत. १८६८ ची खूण बघायला मान पूर्ण मागे करावी लागते.

मोठा पाऊस झाला असेल, किंवा येणार असेल, तर बेत पुढे ढकला. काही वाटा बंदही असतात, निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

डॅनियल्स हे भुताचं गाव आहे म्हणे?

भूत नाही, घरमालक. हे गाव आधी एलिसव्हिल, मग अल्बर्टन आणि १९४० मध्ये सी. आर. डॅनियल्स कंपनीने गिरणीसकट विकत घेतल्यावर डॅनियल्स झालं. इथे कॅनव्हाससारखं जाड कापड व्हायचं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं. १९६८ मध्ये कंपनीने ठरवलं की जुनी घरं दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाडलेली बरी आणि लोकांना उठायला सांगितलं. चार वर्षांनी अ‍ॅग्नेसने उरलंसुरलं धुऊन नेलं. आता रानात छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती आहेत आणि झाडांत अडकून गंजलेल्या जुन्या मोटारी. गिरणगावात वाढलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी हे सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "लोकांना पर्यायी घरं दिली का?"

युद्धाला नकार देणारे लोक इथे राहायचे?

हो. १९४१ मध्ये, धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या तरुणांसाठी सरकारने पर्यायी सेवेची छावणी काढली. त्या प्रकारची देशातली पहिली छावणी याच पार्कमध्ये, क्वेकरांच्या देखरेखीखाली. त्या मुलांनी इथे झाडं, वाटा यांचं काम केलं.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. झेपेल का?

ग्रिस्ट मिल ट्रेल झेपेल. अ‍ॅव्हलॉनहून नदीकाठाने इल्चेस्टरकडे जाणारी अडीच मैलांची डांबरी, जवळजवळ सपाट वाट. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी दोन्ही जातात. पूर्ण करायलाच हवी असं नाही, झुलत्या पुलापर्यंत जाऊन परतलं तरी चालतं. कॅस्केड धबधब्याची वाट मात्र पलीकडच्या काठाला, दगडांची आणि चढाची. धबधबा छोटा आहे. लोणावळा पाहिलेल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "हाच का?" ऐकावं लागतं.

पोहता येतं का? डबा नेला तर चालतो का?

पाय बुडवा, पोहू नका. मॅककेल्डिनच्या खळाळापाशी तर स्पष्ट मनाई आहे, तिथे दिसतं त्यापेक्षा पाणी फार खोल आहे.

डबा जरूर न्या, टेबलं आणि शेगड्या आहेत. पण मेरीलँडच्या स्टेट पार्कांत कचराकुंड्या नसतात. आपला कचरा आपण घरी न्यायचा. भेळेच्या कागदासाठी, मक्याच्या कणसांसाठी एक मोठी पिशवी आठवणीने ठेवा.

कधी जावं?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, कामाच्या दिवशी, सकाळी. सिकॅमोरचे पांढरे बुंधे आणि पिवळी पानं. पार्क सकाळी ९ ला उघडतं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारच्या आत जागा भरते आणि फाटक बंद होतं. आम्ही एकदा श्रीखंड-पुरी घेऊन साडेबाराला पोचलो आणि ते शेवटी घरच्या पार्किंगमध्ये खाल्लं. राज्याबाहेरच्यांना तिकीट थोडं जास्त पडतं.

साप, किडे वगैरे?

साप क्वचित. गोचीड मात्र नक्की, आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. फुल पँट, मोजे, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, मानेवर, मुलांच्या केसांत नीट बघा. तीन पानांचा पॉयझन आयव्ही वेल हात लागला की दिवसचे दिवस खाजवतो. बेल समजून कुणी तोडू नका. हे मी विनोदाने लिहीत नाही, श्रावणात एका काकूंचा हात पुढे गेला होता.

दोनच तास आहेत. काय बघू?

थॉमस पूल खालून, मग अ‍ॅव्हलॉनहून झुलत्या पुलापर्यंत. वाटेत मालगाडी भेटली तर डबे मोजायला मुलांना सांगा. आमचा आकडा एकशे बारावर अडला आहे, आणि शेवटच्या दहांबद्दल अजून भांडण चालू आहे.